हिरव्या कपाटाचा ॲम्प्लिफायर

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावर स्थानापन्न झालेले संचालक मंडळाचे मान्यवर सदस्य, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले प्राचार्य सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणी, आणि मुद्दाम मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसलेले माझे यजमान, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

निरोपाच्या भाषणात चांगलंच बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. तरीही उपप्राचार्यांनी काल आठवण करून दिली, "मॅडम, जरा गोड बोला हं." मी पत्राकाम शिकवणारी बाई. माझा दिवस कातरी आणि हातोड्याच्या आवाजात जातो. गोड बोलायचा सराव राहिलेला नाही, पण प्रयत्न करते.

सरांचा मोठा गुण म्हणजे शिस्त. सर प्राचार्य होण्याआधी वर्कशॉपचं स्टोअर त्यांच्याकडे होतं, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. विचारल्याशिवाय तिथून एका खिळ्याची बाहेर जाण्याची टाप नव्हती. या शिस्तीचा अनुभव आमच्या घराने फार जवळून घेतला आहे. त्याबद्दल दोन शब्द बोलले नाहीत, तर सरांवर अन्याय होईल.

मंचाच्या कडेला, सरांच्या हाताशी, टेबलावर ही काळी पेटी आहे. तुम्ही सगळे तिला ओळखता. सरांच्या केबिनबाहेर काचेच्या आत ती इतकी वर्षं मिरवत होती. खाली पितळी पाटी, 'प्राचार्यांनी स्वहस्ते तयार केलेला ॲम्प्लिफायर'. पाहुणे आले की सर त्यांना आधी तिथे नेत, मग चहा. पण मी विचारते, हा ॲम्प्लिफायर वाजताना तुमच्यापैकी कोणी ऐकला होता का? काचेतली वस्तू वाजवून दाखवा, असं कोण म्हणणार? म्हणून आजच्या माइकची जबाबदारी मी मागून घेतली, आणि सरांच्या निरोपाला सरांचंच यंत्र वाजावं असं सुचवलं. सरांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी किल्ली स्वतः माझ्या हातात दिली. माझा हा आवाज त्यातूनच येतो आहे. सर, मनापासून आभार.

आता जरा घरचं सांगते. माझे यजमान याच संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. माझे सासरे कानांनी अधू. रेडिओला गाल टेकवून बातम्या ऐकायचे, आणि अर्ध्या बातम्या आम्हाला विचारायचे. यजमान म्हणाले, बाबांसाठी ॲम्प्लिफायर बनवतो, आतलं मी बघतो, पेटी तू कर. ट्रान्सफॉर्मर असा वजनदार, की साध्या पत्र्याची पेटी लगेच पोटात वाकली असती. चांगला जाड पत्रा कुठून आणायचा? माझ्या आईने आम्हाला एक हिरवं लोखंडी कपाट दिलं होतं. त्याची पाठ भिंतीकडे. म्हटलं, पाठ कोण बघतंय? कापली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पुढून कुलूप आणि मागून मोकळं मैदान, असं कपाट त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

पत्रा दोन्ही अंगांनी हिरवा. बाहेरून मी तो खरवडून काळा रंगवला. आतून ठेवला तसाच, कारण हिरव्या रंगावर आखणीची रेघ छान उमटते. आणि तिथेच घोळ झाला. यजमानांनी पुढून दिसणारा नकाशा दिला होता, तो मी आतल्या बाजूवर आखला. पेटी दुमडून सरळ केली तर सगळी भोकं उलटी. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. मी म्हणते त्यांनी कागद नीट समजावला नाही, ते म्हणतात मी पत्रा उलटा धरला. यावर आमच्या घरात आजतागायत एकमत झालेलं नाही. त्यातून आतल्या वायरिंगचीही एक गंमत झाली, ती ओघात येईलच.

पण वाजला, अध्यक्ष महोदय! बाबा खुर्चीत टेकून बसले, स्वतःच्या हाताने नॉब फिरवला आणि अख्खी बातमी ऐकली. मग आम्हालाच सांगितली. तेवढा आनंद आमच्या घरात पुन्हा आला नाही.

कौतुक ऐकून सरही बघायला आले. आमच्याकडे चहा घेतला, बाबांशेजारी बसून गाणं ऐकलं, पेटीवर टिचकी मारून विचारलं, "पत्रा जाड दिसतोय. कुठून आणलात?" आम्ही हसून कपाटाची गोष्ट सांगितली. सरही हसले.

त्या सुमारास स्टोअरमधला पत्रा कमी भरत होता आणि वरून विचारणा झाली होती. ती आम्हाला नंतर कळली. सरांना आधीच कळलेली होती. बोट दाखवायला कोणीतरी हवं होतं, आणि आम्ही त्यांना चहा पाजून पेटी दाखवली होती. चौकशी बसली. ॲम्प्लिफायर पुरावा म्हणून उचलून नेला. यजमानांनी हात जोडून सांगितलं, झाकण उघडा, आतला रंग बघा. सर म्हणाले, "पुराव्याला हात लावता येणार नाही." झाकण उघडलं नाही, कपाट बघायला घरी कोणी आलं नाही, यजमानांची नोकरी गेली, आणि पुढे सर प्राचार्य झाले. पुरावा काही दिवस अडगळीत पडला. मग काचेत आला. पाटीसकट.

बाबा शेवटच्या आजारात मुलाला जवळ बोलावून विचारत, "खरं सांग, तू पत्रा चोरला नाहीस ना?" त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून यांना ओरडून सांगावं लागायचं, "नाही बाबा, नाही." शेजारीपाजारी ऐकायचे. सर, मी तेव्हापासून तुमच्यावर रागावलेली आहे. रोज त्या काचेसमोरून हजेरीला गेले आणि रोज तुम्हाला नमस्कार केला. घर माझ्या पगारावर होतं, म्हणून गप्प राहिले. आणि खरं सांगायचं तर मला आजचा दिवस बघायचा होता.

मागून कोणीतरी हात वर केला आहे. ऐकू येत नाही का? बरं. सर, यंत्र तुमच्या हाताशी आहे, तुमचंच आहे. आवाज जरा वाढवता का? हो, तोच मोठा नॉब.

गेला की हो आवाज! पुरताच गेला. असू द्या, मी माइकशिवाय बोलते, वर्कशॉपमध्ये घसा तयार झाला आहे. सर, तुम्ही उजवीकडे फिरवलात. जगातले सगळे नॉब उजवीकडे फिरवले की आवाज वाढतो. हा एकच कमी होतो. भोकं उलटी पडली आणि आधी कापून ठेवलेल्या वायरी पुरेनात, म्हणून जिथे पोचल्या तिथे जोडल्या. नंतर दुरुस्त करायला घेतलं तर बाबा म्हणाले, आता माझ्या हाताला सवय झाली, राहू दे. ज्याने हा बनवला, त्याला हे झोपेतही चुकणार नाही.

अहो, तुम्ही या जरा पुढे. वाट द्या त्यांना. फिरवा.

आला. ऐकू येतंय ना सगळ्यांना? शेवटच्या रांगेत?

अध्यक्ष महोदय, आता झाकण. स्क्रू मी सकाळीच ढिले करून ठेवले होते. आपण उठून एकदा आत डोकवावं, ही विनंती. रंग कोणता दिसतो, तो माइकवर सांगावा. "हिरवा." आभारी आहे. संस्थेच्या स्टोअरमध्ये हिरवा पत्रा कधी आला होता का, हे सरांनी सांगावं. नाही? बसा, सर, बसा. कपाट अजून आमच्या घरी आहे, पाठ मोकळी. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावं. चहा मात्र आता विचारपूर्वक देतो.

आता निरोपाची भेट. पितळी पाटी मी काढून, पुसून, कागदात गुंडाळून आणली आहे. ती सरांनी घरी न्यावी, कारण या सगळ्यात त्यांनी स्वहस्ते केलेलं तेवढंच आहे. पेटी आम्ही नेतो. अध्यक्ष महोदय, हरकत असेल तर आताच सांगावं. नाही ना?

वहिनी, तुमच्याशी माझं भांडण नाही, तुम्हाला हे ऐकावं लागलं याचं वाईट वाटतं. आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. वेळ थोडा जास्त घेतला, क्रम चुकला असेल, एखादा शब्द कडू गेला असेल, तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. सरांकडे मात्र मी क्षमा मागत नाही. ती त्यांनी मागायची आहे, आणि माझ्याकडे नाही. ते उभे आहेत ना नॉबपाशी, त्यांच्याकडे. सर, या, माइक तुमचा. मोठ्याने बोला, आवाज ते वाढवतील.