गुळवेलीचा घोट

— नाही हो भाऊ, फांदी तोडा की! फांदीला कोण नको म्हणतंय? तारेला घासते, ठिणग्या उडतात, मीच तर तुम्हाला बोलावलं. पण करवत जरा वरच्या अंगाला धरा. ती बुंध्याला वेटोळं घालून बसलीय ना, अंगठ्याएवढी जाड — ती गुळवेल. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा — नावात गूळ, आणि जिभेला लावली तर ब्रह्मांड आठवेल! सासूबाईंनी लावलेली. कुणाला ताप आला, कावीळ झाली, गुडघे धरले, की त्यांचं एकच — बोटभर कांडं ठेच, उकळ, पाज. अर्धी गल्ली यायची मागायला. आणि त्यांचा स्वतःचा लेक? म्हणजे आमचे हे? वास आला की पळायचे! एवढाली इंजिनं उघडून दुरुस्त करणारा माणूस, पण पेला दिसला की एक डोळा मिटायचा, नाक वर, आणि म्हणायचे, ‘घ्या, दोघी मिळून जीव घ्या माझा एकदाचा!’ आम्ही सासू-सुना हसून हसून बेजार.

हो, तेच. खिडकीत बसलेत ते. हात नका करू, ओळखायचे नाहीत. मलाही कुठे ओळखतात — परवा मला म्हणाले, ‘बाई, तुम्ही घरी जा आता, तुमची माणसं वाट बघत असतील.’ बरं म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. डॉक्टर म्हणतात, काढ्यानं गेलेली आठवण परत येत नाही. मला कळत नाही का? औषध म्हणून कुठे देतेय मी! रोज सकाळी एक घोट पाजते आणि समोर बसते. घोट उतरला की — तस्संच! एक डोळा मिटतो, नाक वर. बोलत नाहीत, पण तोंड तेच. तेवढ्यापुरता माझा नवरा घरी असतो. मग परत निघून जातो. लेक ओरडते, ‘कशाला छळतेस गं बाबांना?’ छळते बाई. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?

म्हणून म्हणत होते, वेलीला तेवढा धक्का नका —

आज? दिला ना आजही. सगळा प्यायले. पाणी प्यावं तसे. मला वाटलं पातळ झाला असेल, म्हणून मी चाखून बघितला — कडूजहर. दुसरा पेला दिला. तोही प्यायले, आणि रिकामा पेला माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘छान होतं.’

...

चालवा करवत, भाऊ. कुठून सोपं पडेल तिथून चालवा. वेल मध्ये आली तर येऊ दे.