दारावरची सही

—नाही हो बाई, गुच्छ आणणारे वेगळे, मी नाही त्यातली. तो बघा टेबलावर, खजिनदारकाकूंचा, पाणी घालायचं कुणाला सुचलेलं नाही. शेजारीण सांगत होती, काल काकू तुमच्या कपाळावर हात ठेवून वीस मिनिटं प्रार्थना करत होत्या—बाईंच्या सहनशक्तीबद्दल देवाचे आभार म्हणे—आणि तुम्ही ओल्या चादरीवर! चादरीला मात्र हात नाही. जरा कुशीवर वळा, धरलंय मी... हं. आणि गायनवर्गाचे काका? तीन गाणी, सगळ्या कडव्यांसकट, पण तुमचे ओठ सुकलेत ते दिसलं नाही त्यांना. प्रेमावरचा उपदेश ऐकायला सगळे पहिल्या बाकावर, आणि बेडपॅन धुवायचं म्हटलं की एकेकाची कंबर धरते!

पाय द्या इकडे, पाणी कोमट आहे. आठवतं, संडे स्कूलमध्ये तुम्ही आम्हाला एकमेकांचे पाय धुवायला लावले होते? मी रडले होते. तुम्ही म्हणालात, रडत रडत धू, पण धू. एवढं एकच शिकले मी तिथे, बाकी सगळी पाठांतरं—आई गं! काय पडलं? ...पाण्याचा मग होय. नुसता मग आहे. माझं असंच, जरा खट्ट झालं की पळ—त्या दिवशीही असाच आवाज—काही नाही. दुसरा पाय द्या.

असं बघू नका ना बाई. अर्धांगानं वाचा गेली म्हणून असं बघायचं? ऐकलं होतंत तुम्ही, हो ना? माझ्या चपला जिन्यात वाजतात, ओळखता तुम्ही. तुम्हाला सांभाळणारी ताई चार ते पाच जेवायला घरी जायची, तेवढा तास चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी बसायचं, दाराबाहेरच्या कागदावर सही करायची—आधी सही, मग सेवा, ही आमची रीत! गेल्या गुरुवारी मी सही केली, कडीला हात लावला आणि आतून धप्प. मला वाटलं—काय वाटलं? काही वाटलं नाही, खाली रस्त्यावर पोचले तेव्हा कळलं की मी पळतेय. कुणाला तरी बोलवायचं, तेही नाही. तुम्ही तासभर फरशीवर. ताई पाचला आली, ती सांगत होती की बाई आधीच खाली पडलेल्या होत्या. पण कागदावर तर माझी सही! पाळकसाहेबांनी मला विचारलं, आणि मी म्हटलं, मी पाचला निघाले तेव्हा बाई पलंगावर होत्या. सगळ्यांसमोर म्हटलं. लगेच ताईला काढून टाकलं. तीन वर्षं तुमचं सगळं करणारी बाई, आणि मंडळीला माझी सही खरी वाटली, कारण मी शिकलेली, मी दर रविवारी पवित्र शास्त्र वाचते, माझे उच्चार चांगले. खजिनदारकाकूंना नावं ठेवतेय मघापासून! त्या निदान दार उघडून आत तरी येतात.

सांगणार होते मी. रविवारी सांगणार होते, पण वाचन माझंच होतं, मग—हो, कळतंय मला, रडत रडत का होईना. पण सगळे माझ्याकडे बघतील हो! आज पाचला येणार आहेत पाळकसाहेब आणि काकू, नवी बाई ठरवायला. एकदा ती ठरली की ताईला कोण परत बोलावणार?—आले वाटतं. काकूंचा आवाज. बाई, मनगट सोडा. सोडा ना, दुखतंय. एका हातात एवढा जोर! ...बरं. बरं, जाते दाराशी. पाय पुसून घेऊ द्या आधी, ओले ठेवून कशी जाऊ? झालं.

या, पाळकसाहेब. काकू, या. नाही, प्रार्थना राहू द्या जरा. नव्या बाईंना खालीच थांबायला सांगा. पेन? इथंच आहे, दोऱ्याला. सह्या नंतर करा हो. आधी मला माझी खोडू द्या.