अरविंदचा आवाज आणि ऋतूचा प्रश्न

मंडळी, नलिनीवहिनी, ऋतू,

तुम्ही हातातली कामं टाकून आलात. कोणी पार झालाना भागातल्या ऑफिसातून थेट आलं आहे, कोणी लहान मुलांना घेऊन आलं आहे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मागच्या आठवड्यात ज्याच्याबरोबर चहा प्यायलो, त्याच्याबद्दल आज 'होता' म्हणायचं, हे जिभेला जमत नाही. पण बोलणार आहे. आज बोललो नाही, तर एक गोष्ट कायमची चुकीची राहून जाईल.

अरविंद आणि मी विमा कंपनीत शेजारशेजारच्या टेबलांवर काम करायचो. बदली होऊन दोघेही जयपूरला आलो आणि दोघेही इथलेच झालो. गेली काही वर्षं त्याच्या कानात आवाज यायचा, हे तुम्हाला माहीत आहे. शिट्टीसारखा, अखंड. बाहेर कुठेच नसलेला. आणि आपण त्यावर काय काय बोललो! गाण्याच्या कार्यक्रमातून तो मधेच उठून जायचा, तर आपण म्हणालो, भाव खातो. जानेवारीच्या थंडीत तो पंखा लावून झोपतो आणि बिचाऱ्या वहिनी दोन रजया घेतात, यावर आपण पोट धरून हसलो. तोही हसायचा. मग कोणीतरी म्हणायचं, "काही नाही हो, मनाचे खेळ आहेत."

मनाचे खेळ! ऐका मग.

मी त्याच्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्या बाईंनी त्याला हेडफोन लावले आणि वेगवेगळे आवाज ऐकवले. तुमच्या कानातला आवाज यातला कोणता आणि केवढा, ते सांगा, म्हणाल्या. बऱ्याच वेळाने जुळला. त्यांनी मलाही तो ऐकवला. मंडळी, श्वास रोखून बसलो तेव्हा कुठे ऐकू आला. मी म्हणालो, "हा? एवढ्याशा आवाजाने तुझी झोप उडाली?" अरविंदचा चेहरा असा झाला, जणू त्याची चोरीच पकडली.

डॉक्टरबाई माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, "अंकलजी, आवाज केवढा आहे यावर त्रास ठरत नाही." मग त्यांनी समजावलं. वयाने वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झालं, की मेंदू ती उणीव स्वतःच्याच आवाजाने भरतो. असा आवाज पुष्कळांना येतो. बरेच जण तो विसरूनही जातात. पण मेंदूत भीती आणि काळजी सांभाळणारा भाग असतो. हे धोक्याचं आहे असं त्याने एकदा ठरवलं, की मग तो विसरू देत नाही. आई ट्रकच्या आवाजात झोपते, पण तान्हं बाळ नुसतं कुरकुरलं तरी जागी होते. तसंच हे. म्हणजे आवाज बारीक होता आणि हाल खरे होते. दोन्ही खरं. आणि तो पंखा होता तो त्याच्या घरघरीत ही शिट्टी बुडावी म्हणून.

आता अवघड भाग.

हा आवाज सुरू झाला तो त्याच्या ऋतूने गोपालपुऱ्यातला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास सोडला त्या महिन्यात. घरात वादावादी झाली, हे लपवत नाही. कोणाच्या घरात होत नाही? पण परवा स्मशानातून परतताना आपल्यातलंच कोणीतरी म्हणालं, "पोरीने टेन्शन दिलं, तेच कानात बसलं आणि शेवटी जीव घेऊन गेलं." नाव घेत नाही. समोरच बसले आहेत. ऋतू मागेच चालत होती.

काल तिने मला विचारलं, "काका, मतलब, माझ्यामुळे झालं ना? मी सगळं वाचलंय. ब्रेनच्या इमोशनवाल्या पार्टमुळे हे वाढतं. मग ते टेन्शन बाबांना मीच दिलं ना?"

नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण पोरगी हुशार आहे, खोटं लगेच ओळखते. आणि नेमका हाच प्रश्न अरविंदने डॉक्टरांना विचारला होता. त्या म्हणाल्या, कान आधीपासूनच कमी ऐकत होता. ताणामुळे लक्ष तिकडे गेलं असेल, ताणाने त्रास वाढतो हेही खरं. पण आवाज त्याच वेळी का सुरू झाला, हे कोणीच सांगू शकणार नाही.

घरी येताना अरविंद गाडीत म्हणाला, "ऋतूला यातलं काही सांगू नकोस. ती 'ताण' एवढाच शब्द ऐकेल आणि जन्मभर धरून बसेल." मी शब्द दिला. तो शब्द आज मोडतो आहे. न सांगताही ती तेच धरून बसली आहे, म्हणून.

ऋतू, बेटा, पुढचंही ऐक. मी त्याला विचारलं होतं, "तुला नक्की भीती कसली वाटते? पोरीची?" तो म्हणाला, "छे रे! ती तिचं बघून घेईल. ते भांडण मी केव्हाच विसरलो. मला या आवाजाचीच भीती वाटते. हा कधीच थांबणार नाही, याची." आवाजाची भीती, आणि त्या भीतीने आवाज आणखी छळणार. त्यात तो अडकला होता. त्याने तुला कधीही दोष दिला नाही. मनातसुद्धा नाही. सुरुवातीला तुझी काळजी त्यात होती का? मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. तुझ्या बाबाला ते शोधायचंच नव्हतं. मग आम्ही कोण शोधणारे?

आणि तो हार्ट अटॅकने गेला, मंडळी. त्याला साखर होती आणि इथली ती पाकातली मिठाई, घेवर, तो कोणाचं ऐकून सोडत नव्हता. त्याचं खापर पोरीवर कशाला?

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची पद्धत आहे. माफ करा, मी ती शांतता मागणार नाही. या पोरीच्या डोक्यात आत्ता जे चाललं आहे, ते शांततेत आणखी मोठं होईल. त्यापेक्षा एकेकाने तिच्याजवळ जा. बोला तिच्याशी. सांत्वन नको. तिचा बाप तुमच्याशी कसा भांडला, कसा हसला, तुमचं कोणतं अडलेलं काम त्याने करून दिलं, ते सांगा.

अरविंद, मित्रा, तुला दिलेला शब्द मोडला. हवा तेवढा रागाव. तुला माझा नमस्कार.

चला, उठा. आणि परवा स्मशानातून येताना जे बोलले, त्यांनी सगळ्यांत आधी जावं.