फवारा कोन मारतं

आधी गावाचं नाव लिवू नका, तेलगावच्या अंगचे एवढंच लिवा. आन् हे लिवून कोनाला दाखवनार, ते बी सांगा. बरं. बाप कापूसवाला, मी धाकला, पळायला चपळ, म्हनून फौजेत गेलतो. लोकाला वाटतं फौज म्हंजी बंदूक. काय सांगू तुमाला, माझी सारी नोकरी मुदत सरलेला दारूगोळा जाळन्यात गेली. खड्ड्यात टाकायचा, पेटवायचा, पिवळा धूर उठायचा, तोंडाला नुसता रुमाल. साहेब म्हनायचे, काही होत न्हाई. आरं, काही होत न्हाई तर तुमी वारं येतं त्या अंगाला कावून हुबे राहता?

घरी आलो आन् दम लागाया लागला. आता ओसरीवरून गोठ्यात जायचं तरी मधी बसावं लागतं. अपंगत्वाच्या पेन्शनीचा अर्ज केला, तर फौजेच्या मेडिकल बोर्डाचा डॉक्टर म्हनतो, तुमच्याकडं कापूस हाय, फवारनीच्या औषधानं छाती गेली, फौजेचा काय संबंध. ह्याला कापसाचं कोनी सांगितलं? बांधावरून भावाशी वाकडं हाय, त्याच्यावर वहीम आला. मंग सरपंचावर आला. कोनाच्या घरचा चहा घेईना मी. कुठंतरी पानी मुरतंयच.

अपिलाला कौसा संगं आली, आमची मंडळी. जल्मात साहेबापुढं तोंड न उघडनारी बाई, पदर खोचून म्हनली, साहेब, ह्यांनी पंप कधी पाठीला लावलाच न्हाई, दमच पुरत न्हाई. फवारा मी मारते. औषधानं छाती जाती तर माझी जायला पायजे. बघा माझी.

डॉक्टरनं नळी लावली, साफ हाय म्हनला, फेरविचार करू म्हनला. मला लई आनंद झाला, खोटं कशाला सांगू. येताना धारूरला तिला भजे खाऊ घातले.

परवा ती गोठ्यामागं तोंडात पदर कोंबून खोकत व्हती. इचारलं तर म्हनली, फोडनीचा ठसका लागला. चूल तर पेटलीच नव्हती. म्हनलं, किती दिवसापासून? तर खाली बघून म्हनली, निकाल लागूस्तोर डॉक्टरचं नाव काढू नका.

मी न्हाई ऐकनार. उद्या तिला बीडला नेतो, पेन्शन गेली उडत. देवा, माझं आयुष्य तिला लाव, असं म्हनायला जातो, पन माझ्यापाशीच किती उरलंय?