बिनकुलपाचं गाव

जनी : आन मी म्हन्ते, चावी तुमच्याकडंच हाय ना मास्तर? मंग द्या की! तीन टोपल्या जवला सुकत घातलाय गच्चीवर.

एलियास : गच्चीला कुलूप लावायचं हा कमिटीचा निर्णय आहे, जनीबाई. सेक्रेटरी म्हणून मी फक्त सही केली. वरच्या मजल्यावर सुक्या मासळीचा वास येतो म्हणून तक्रारी आहेत.

जनी : वास! माज्या अंगनात मांडी घालून त्याच जवल्याची चटनी हानलीत, तवा नाय आला वास?

एलियास : तेव्हा मी कादंबरी लिहीत होतो.

जनी : आमच्यावरच लिवलीत. त्यातली जनी म्हातारी जवला सुकवते, पोरं राखन करतात. कोनाच्या दाराला कुलूप नाय.

एलियास : ते स्वप्न होतं हो. आदर्श गावाचं.

जनी : सपान म्हनून नाय सांगितलंत! बिल्डरची मानसं आली तवा तुमीच उभं राहून ते पान वाचलंत. असंच व्हनार, म्हनालात. आपला मास्तर बोलतोय म्हनून पयला अंगठा मी दिला. माज्यामागं अख्ख्या आळीनं दिला.

एलियास : फ्लॅट मिळाला ना? लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे.

जनी : लिफ्टमदी टोपली न्यायला बंदी! सात जिने चढते मी, गुडघ्यांची वाट लागली. जवला नाय इकला तर खाऊ काय, तुमचं बुक?

एलियास : चिडू नका. नव्या आवृत्तीत तुमचं प्रकरण वाढवतोय मी.

जनी : जळलं तुमचं प्रकरण! ऊन हाय तवर जवला उलथायला पायजे, नायतर नासंल. चावी द्या.

एलियास : वर काही नाहीये आता. सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेला.

(जनी जिन्याच्या पायरीवर बसते.)

जनी : तीनी टोपल्या?

एलियास : टोपल्या ठेवल्यात खाली, वॉचमनकडे. बरं झालं, विषय निघाला. रविवारी खांदा कॉलनीत कादंबरीवर कार्यक्रम आहे. कॉलेजच्या मुलांना खरी जनी बघायचीय.

जनी : मी काय बोलू तितं?

एलियास : काही बोलायचं नाही. नुसतं स्टेजवर बसायचं. एक टोपली मात्र घेऊन या. नीट धुऊन.