राहिलेलं भाषण

अमेरिकेतल्या टोलेडोच्या कम्युनिटी कॉलेजात विषय निवडून देणाऱ्या सल्लागाराच्या खोलीबाहेर मरिसोल आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी सत्तरीचे वेंडेल आणि त्यांची मुलगी कोरिन. कोरिनचा आवाज काही केल्या खाली येत नव्हता.

“बाबा, आई गेल्यापासून तत्त्वज्ञान झालं, ग्रहतारे झाले, मातीची भांडीसुद्धा झाली. जनरल स्टडीजची पदवी म्हणजे काय धर्मशाळा आहे का?”

“अगं, शिकतोय ना.”

“शिकतोय म्हणे! एक भाषणाचा विषय तेवढा राहिलाय. दर वेळी तो घेतोस आणि दर वेळी अर्ध्यात सोडतोस.”

“मास्तरीण खडूस आहे.”

“मागच्या खेपेला मास्तर होता.”

“तोही खडूसच होता.”

“बाबा, माझं डोकं फिरवू नकोस. कारखान्याच्या संपात ट्रकवर चढून बोलायचास तू! तुला कसली आलीय भाषणाची भीती?”

“पहिली भाषणं जमतात गं. टायर कसा बदलायचा ते सांगितलं, तेव्हा टाळ्या पडल्या.”

“मग घोडं अडतं कुठं?”

“शेवटचं भाषण आपल्या माणसावर करायचं असतं. मी उभा राहतो, ‘माझी बायको लोरेटा’ एवढं म्हणतो. पुढं काही येतच नाही.”

“मग दुसऱ्या कुणावर बोल ना! माझ्यावर बोल!”

“तुझ्यावर काय बोलू? तू आहेस की.”

दार उघडलं आणि आतून हाक आली, “वेंडेल प्रूइट!”

वेंडेल मरिसोलकडे वळले.

“बाई, तुम्ही जा आधी. आमचं अजून ठरत नाहीये.”