आधी बघा

दवाखान्यात शिवणकामवाल्या काकू नंबरची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर सत्तरीच्या एक आजी आणि त्यांची भावजय बोलत बसल्या होत्या.

"वन्सं, हळू बोला. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! तीन वर्षं खालच्या जागेच्या खाजेनं जीव नकोसा झाला होता. तीन डॉक्टर झाले, पण एकानं बघितलं असेल तर शपथ."

"न बघताच औषध दिलं?"

"एक म्हणाला, वयानं होतं. दुसरा म्हणाला, स्वच्छता ठेवा. मला सांगतो, स्वच्छता! तिसऱ्यानं मलम लिहून दिलं."

"आणि या नव्या डॉक्टरीणबाईंनी?"

"त्यांनी टेबलावर झोपवलं, दिवा लावला आणि म्हणाल्या, आजी, हा पांढरा चट्टा साधा नाही. तुकडा काढून तपासायला पाठवला."

"कॅन्सर निघाला?"

"अजून नाही. पण तसाच ठेवला असता तर होऊ शकला असता. आता तेवढा भाग कापून काढायचा, आणि पुढेही दाखवत राहायचं."

"वेळेत कळलं म्हणायचं."

"कसली वेळेत? तोंडात चट्टा असता तर तिघांनीही बॅटरी मारून बघितला असता!"

"पण वन्सं, मला तरी सांगायचंत."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, या वयात असलं काय बोलता."



तेवढ्यात काकूंचं नाव पुकारलं. नर्सनं विचारलं, "काकू, आधीच्या डॉक्टरसाहेबांचंच खाजेचं मलम पुन्हा हवंय ना?"

"नको," काकू मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बाईंना सांगा, मलाही टेबलावर घ्या आणि आधी बघा."